लायसन तर मिळालं, आता गाडी कुठली घेऊ?

यावेळी आलेली पत्रं नि मेसेज बघितले तर बहुतेक सगळे एकाच वयाचे, लायसन हातात पडून महिना-दोन महिने झालेले, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, पहिली गाडी कुठली. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय, त्यामुळे फक्त गावं देतोय.

प्रश्न: काका नमस्कार. मी वडगावचा, वय 22, उद्यमबागेत कामाला लागून वर्ष झालं. लायसन मिळून दोन महिने झालेत, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सोडली तर दुसरी कुठली चालवलेली नाही. बजेट चार लाख, त्यातले दोन माझे साठवलेले, उरलेले सोसायटीतून काढीन म्हणायलोय. बाबा म्हणायल्यात नवी अल्टो घे, डोक्याला ताप नाही. दोस्त लोक म्हणायल्यात चार लाखात जुनी स्विफ्ट डिझेल येते, पिकअप बघ, घाटात कशी पळते बघ. रोज उद्यमबागेला जाणं-येणं, रविवारी जांबोटीकडं आजोळी, आणि कधीमधी चोर्ला घाटातून गोवा. काय करू सांगा की. (वडगाव, बेळगाव)

उत्तर: दोस्तांची स्विफ्ट आधी बाजूला काढूया. मारुतीने डिझेल गाड्या एप्रिल 2020 पासून बंद केल्या, त्यामुळे बाजारात जी कुठली स्विफ्ट डिझेल दिसेल ती त्याच्या आधीची, आणि चार लाखात दाखवतात त्या बहुतेक चांगल्याच वय झालेल्या. ते 1.3 लिटरचं इंजिन, मूळ फियाटचं, दणकट होतं यात वाद नाही, पण वडगाव ते उद्यमबाग अंतर ते केवढं, इंजिन नीट तापायच्या आत तू गेटात शिरलेला असणार. डिझेल परवडतं ते रोज लांब पळणाऱ्याला. तुझ्यासारख्याला लिटरमागे जे चार पैसे वाचतील ते टर्बो नाहीतर इंजेक्टर एकदा बोलला की एका झटक्यात परत जातात. आणि पिकअपचं म्हणशील तर दोन महिन्यांच्या ड्रायव्हरला पिकअप बेताचाच असलेला बरा, कणकुंबीच्या वळणावर ट्रक मागे टाकायचा मोह तरी होत नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. 2018 च्या आधीच्या स्विफ्टमध्ये खालच्या मॉडेलला एअरबॅग नसायची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) नसायचं, पैसे जास्त मोजले तरच मिळायचं, आणि लोकांनी मोजले नाहीत. म्हणून सेकंडहँड बघताना मी पोरांना मॉडेलच्या आधी आरसीवरची तारीख बघायला सांगतो. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्ट लावला नाही तर ओरडणारा बझर, 80 च्या वर गेलं की टुणटुण आणि मागचे पार्किंग सेन्सर, एप्रिल 2020 पासून बीएस6 म्हणजे कमी प्रदूषणाचं इंजिन, आणि 2022 उजाडल्यापासून पुढे दोन्ही बाजूला एअरबॅग. म्हणजे 2020 च्या मध्यानंतरची कुठलीही साधी पेट्रोल गाडी घेतलीस तर निम्मं काम सरकारनेच करून ठेवलंय. 2015 ची टॉप मॉडेल चकचकीत दिसते खरी, पण शक्यतो 2021 ची साधी घे.

आता दुसरं, हे कुणी सांगत नाही. टेप घेऊन आपल्या गल्लीत जा. वडगाव-शहापूरच्या गल्ल्या तुला मी काय सांगू, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी बुलेट, पुढे मागाचं सूत उतरवायला थांबलेला टेम्पो. अल्टो के10 ची रुंदी 1490 मिलिमीटर, वॅगनआर 1620, टियागो 1677, स्विफ्ट 1735, आणि हे सगळं आरसे सोडून. अल्टो नि स्विफ्टमध्ये जवळजवळ पंचवीस सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे आपली एक वीत. ती वीत शोरूमच्या काचेत कळत नाही, रात्री नऊला घरी येऊन रिव्हर्स घालताना कळते. जी गाडी रोज लावायला त्रास देते ती पोरगा हळूहळू बाहेर काढायचंच बंद करतो, आणि मग सराव तुटतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

तिसरं म्हणजे बसून बाहेर काय दिसतं. टेस्ट ड्राइव्हला लोक स्टेअरिंग धरतात, गाणी लावतात, एसी बघतात. तू सीट आपल्या उंचीला लावून घे, मग मान वळवून मागच्या कोपऱ्यात काय दिसतं ते बघ, पुढचा खांब वळणावर समोरचा माणूस झाकतो का ते बघ, बॉनेटचं टोक कुठं संपतं याचा अंदाज येतो का बघ. वॅगनआर उंच बसायला मिळते, काचा मोठ्या, नवशिक्याला अंदाज पटकन येतो, म्हणून तर ड्रायव्हिंग स्कूलवाले तसल्या गाड्या ठेवतात. पण क्रॅश टेस्टमध्ये तिची परिस्थिती बरी नाही, अशा टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2023 मध्ये तिला मोठ्यांच्या सुरक्षेला एकच स्टार दिला होता, त्याच वेळी अल्टो के10 ला दोन. टियागोला 2020 मध्ये चार स्टार मिळालेत. स्टार म्हणजे सगळं काही असं नव्हे, पण हायवे नि घाट दोन्ही करणार म्हणतोस तर मी ते धरीन.

म्हणून माझं मत विचारशील तर 2020 नंतरची टियागो पेट्रोल मॅन्युअल, पहिल्या मालकाची, सर्व्हिस बुकासकट, गल्लीत मावत असेल तर. तिची ग्राउंड क्लिअरन्सही 170 मिलिमीटरच्या आसपास आहे, जांबोटी रोडच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांना पुरते. मावत नसेल तर वॅगनआर 1.0, आणि मग हायवेला 80 च्या वर जायचं नाही असं स्वतःला सांगून ठेव.

बाबांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नको. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि तेव्हा अल्टो के10 चा सुरुवातीचा एक्स-शोरूम भाव पावणेचार लाखाच्या आत आला होता. शिवाय 2025 पासून तिला सहा एअरबॅग आहेत, म्हणजे दोन स्टारवाली जी टेस्ट झाली ती जुन्या, दोन एअरबॅगच्या गाडीची. आपल्याकडं कर्नाटकात पाच लाखापर्यंतच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स 13 टक्के, त्यावर सेस, म्हणजे साडेचौदाच्या जवळ, मग इन्शुरन्स, करत करत रस्त्यावर येईपर्यंत साडेचार लाख धर. बजेटच्या बाहेर आहे पण फार नाही. फक्त बेस मॉडेलच्या नादात एसी नसलेली गाडी घेऊ नको. एसी थंडाव्यासाठी नसला तरी चालेल रे, पण आपल्या पावसात काचेच्या आतून जे धुकं धरतं ते एसीनेच पळतं, नाहीतर एका हाताने फडकं नि एका हाताने स्टेअरिंग. आणि नव्या गाडीवर पहिला ओरखडा येईल त्या दिवशी घरात जे वातावरण होईल त्याची तयारी ठेव, कारण ओरखडा येणारच, पहिल्या वर्षात प्रत्येकाचा येतो.

या सगळ्यातून एक फायदा तुला सेकंडहँडमध्ये पण घेता येईल. नवी स्वस्त झाली तरी काही डीलर अजून जुन्या भावाच्या हिशोबात बोलतात. आधी शोरूममध्ये जाऊन नवीचं कोटेशन कागदावर घे, मग सेकंडहँडवाल्यापुढं तो कागद ठेव.

चार लाख आहेत म्हणून चार लाखाची गाडी घेऊ नको. सव्वातीन, फार तर साडेतीनची घे. उरलेले टायर, बॅटरी, इन्शुरन्स, ट्रान्सफर, पहिली मोठी सर्व्हिस यात बघता बघता जातात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2321 असेल तर 2021 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदल, रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही.

आणि चोर्ला. पहिल्या पावसाळ्यात रात्री नको, एवढं ऐक. ढग रस्त्यावर उतरलेले असतात, हायबीम मारला की समोर नुसती पांढरी भिंत, तिथं लोबीमच ठेवायचा. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की ब्रेक तापून धरेनासे होतात. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग अजून आहेत, इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टेअरिंग दगडासारखं होतं. रस्ता अरुंद असेल तिथं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. ब्रेक जोरात दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरून पाय उचलू नको, ते एबीएस काम करतंय, दाबूनच धर नि स्टेअरिंग वळव.

प्रश्न: दादा, मी निपाणीची, वय 24, लायसन नवीनच आहे. कोल्हापुरात एका डीलरकडे 2021 ची वॅगनआर बघितली, एमएच-09 पासिंग, आपल्याकडच्यापेक्षा पन्नास-साठ हजारांनी स्वस्त. तो म्हणतो ट्रान्सफरची घाई नको, आहे त्या नावावरच राहू दे, निपाणी काय नि कोल्हापूर काय, बिनधास्त चालवा. खरंच चालतं का? कोगनोळीला तर रोज एमएचच्या गाड्या इकडं येतात. (निपाणी)

उत्तर: येतात की, का येणार नाहीत. एका राज्यात रजिस्टर झालेली गाडी देशभर फिरवता येते, शिनोळी-चंदगडची माणसं रोज बेळगावला कामाला येतात, कागलची निपाणीला येतात, पेट्रोल आपल्याकडं थोडं स्वस्त म्हणून टाकी भरून जातात, त्यात काही बेकायदा नाही. प्रश्न गाडी मुक्कामाला कुठं असते त्याचा आहे. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांच्या वर इथं ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. तू निपाणीत राहतेस, गाडी तुझ्या दारात राहणार, मग ती केए-23 म्हणजे चिकोडी पासिंग झालीच पाहिजे, आज ना उद्या.

आता स्वस्त का ते बघ. सहा लाखाच्या नव्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात वैयक्तिक मालकाला 11 टक्के टॅक्स, म्हणजे 66 हजार. आपल्याकडं पाच ते दहा लाखाला 14 टक्के आणि त्यावर सेस, मिळून साडेपंधरा टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे 93 हजार. फरक 27 हजारांचा, तो जुन्या गाडीच्या भावात पण उतरतो. ती गाडी तू इकडं आणलीस की कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो पण भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, मात्र त्याला अर्ज, खेपा नि धीर लागतो, आणि टॅक्स भरलेला असतो मूळ मालकाने तेव्हा पैसे कुणाचे यावर आधीच बोलून लिहून घ्यावं लागतं. याशिवाय कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, विक्रीचे फॉर्म 29 आणि 30, कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं पत्र नि फॉर्म 35, मग चिकोडी आरटीओत नव्या नंबरसाठी फॉर्म 27, नवी एचएसआरपी म्हणजे सुरक्षा नंबरपाटी. एजंटकडून केलंस तर त्याचे पैसे वेगळे. पन्नास हजार कुठं गेले ते कळणार नाही बघ.

दुसऱ्याच्या नावावर राहू दे म्हणतो ते तर अजिबात ऐकू नको. यात त्याचा ट्रान्सफरचा खर्च वाचतो, तुझं नुकसान. गाडी विकली गेली तरी कागदावरच्या मालकाला चलन येत राहतं, तो वैतागून उद्या गाडी चोरीला गेली म्हणून तक्रार दिली तर काय करशील? आणि इन्शुरन्स. समोरच्याला लागलं तर थर्ड पार्टीचा भाग कायद्याने तुझ्याकडं येतो, पण तुझ्या गाडीचं नुकसान भरून मिळायचा भाग येत नाही, त्यासाठी विक्री झाल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला कंपनीला कळवावं लागतं. नाव दुसऱ्याचं नि क्लेम तुझा, असं कंपनी मानत नाही.

अजून एक आहे ते पण सांगतो, आपल्या भागात राहून न सांगणं बरोबर नाही. सीमाप्रश्न तापला की पहिला राग गाडीच्या नंबरपाटीवर निघतो. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर एमएचच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं पुण्यात केएच्या बसना काळं फासलं. रोज असं होत नाही, वर्षचे वर्ष काही होत नाही, पण नवशिक्या माणसाने असल्या दिवशी पाटीमुळं अडकू नये असं मला वाटतं.

त्यापेक्षा चिकोडी, बेळगाव, गोकाक, जमलं तर हुबळीपर्यंत बघ. केए-22, 23, 49, 63 कुठलीही असली तरी राज्यातल्या राज्यात टॅक्स परत भरायचा नाही, नंबर तोच राहतो, फक्त मालक बदलतो. कागलला तुझं सासर वगैरे असेल, आणि गाडी खरंच तिकडच्या पत्त्यावर राहणार असेल, तर मग एमएच घे, पण नाव तुझंच लाव.

प्रश्न: सेकंडहँड गाडी बघायला जायचंय, मेकॅनिक ओळखीचा कुणी नाही. स्वतः काय काय बघू? (चिकोडी)

उत्तर: ओळखीचा नसेल तर ओळख काढा, पाचशे-हजार देऊन मेकॅनिकला नेणं हाच खरा उपाय आहे. तरी तुमच्या भागात राहून एक गोष्ट स्वतः बघायलाच पाहिजे, ती म्हणजे पूर. ऑगस्ट 2019 ला शिरोलीत पंचगंगेचं आणि यमगर्णीत वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, पुणे-बेंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद होता, जुलै 2021 ला परत तेच झालं. कोल्हापूर, सांगली, आपल्या नदीकाठच्या गावांत तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुणाच्या ना कुणाच्या दारात आजही आहेत, आणि विकणारा काही सांगत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, बाहेर दिसतो तो भाग पुसलेला असतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीट मागं-पुढं सरकते त्या लोखंडी पट्टीला, सीटखालच्या नटबोल्टला गंज आहे का बघा, एवढा गंज पावसाने येत नाही. डिकीतलं स्टेपनी टायर उचलून त्या खड्ड्यात हात फिरवा. मॅट उचलून वास घ्या, आत सेंटचा मारा केलेला असेल तर संशय धराच. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याचा डाग, डॅशबोर्डचा एखादा दिवा मधूनच पेटतोय, ही पण लक्षणं. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग वर्षभराने एकेक करून दगा देतं, आणि एअरबॅगचं पण सगळं त्या वायरिंगवरच.

इंजिन गार असताना बघायला जा, आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, रजिस्ट्रेशन कधीचं, इन्शुरन्स कुठवर, कर्ज आहे का, सगळं येतं, ते आरसीशी ताडून बघा, चेसिस नंबर स्वतः वाचा. थकलेली चलनं पण बघा, नंतर तुमच्या गळ्यात येतात.

आणि एक टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर घ्या, जमलं तर. ऊस सुरू झाला की नोव्हेंबर ते मार्च तुमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर लोंबतोय. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची गाडी असली तर ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हेडलाइट पॉलिश करून घ्यायला किंवा बदलायला लागणार असतील तर ते भावातून कापून घ्या.

प्रश्न: मी टिळकवाडीत राहते, वय 20. रेल्वेच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये चढाला गाडी बंद पडते नि मागचे हॉर्न मारून जीव खातात. ऑटोमॅटिक घेऊ का? बाबा म्हणतात आधी गिअरची नीट शिक, ऑटोमॅटिकने हात बिघडतो. (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: घे की. हात-बित काही बिघडत नाही, आणि कार चालवायच्या लायसनवर दोन्ही चालतात. चढाला गाडी बंद पडते म्हणून जी पोरगी गाडी घरीच ठेवते तिचा सराव बुडतो, त्यापेक्षा ऑटोमॅटिकमध्ये रोज फिरलेली बरी, रस्ता वाचायला तरी शिकशील.

फक्त एवढं लक्षात ठेव, छोट्या गाड्यांत मिळतो तो एएमटी, म्हणजे आतून तोच साधा गिअरबॉक्स नि क्लच, फक्त पाय नि हात मशीनचे. तो चढावर ब्रेक सोडला की मागं सरकू शकतो, हिलहोल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय, आहे का ते विचारून घे, नसेल तर हँडब्रेक लावून ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा. सेकंडहँड एएमटी घेणार असशील तर क्लच नि ॲक्च्युएटरचं (क्लच-गिअर हलवणाऱ्या मशीनचं) काम कधी झालंय विचार, ते महाग पडतं. आणि बाबांचं मन राखायला रविवारी सकाळी त्यांना शेजारी बसवून गिअरच्या गाडीवर हँडब्रेकचा तोच प्रकार रिकाम्या चढावर कर, चार-दोन रविवारात येतं.

प्रश्न: पहिली गाडी घेतली, आता काळी फिल्म, मोठे अलॉय आणि मोठा हॉर्न लावायचाय. बेळगावात कुठं चांगलं काम करतात? (अनगोळ)

उत्तर: पत्ता मिळणार नाही. काचेवर फिल्म चिकटवायला सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच बंदी घातली, पोलीस चौकात थांबवून सोलायला लावतात, वर दंड. मोठे अलॉय बसवले की टायर पातळ होतो, खानापूर रोडच्या एका खड्ड्यात रिम वाकते. हॉर्नचे पैसे चांगल्या वायपरला घाल, जून जवळच आहे.

प्रश्न: माझा मोठा मुलगा 19 वर्षांचा, नुकतंच लायसन मिळालंय, त्याला गाडी घेऊन द्यायची आहे. कुणाच्या नावावर घ्यावी? पोरगा लहान म्हणून इन्शुरन्स महाग पडतो असं ऐकलं. धाकटा 16 चा आहे, शेतात ट्रॅक्टर चालवतो, गावात थोडंफार गाडी पण चालवली तर चालेल ना? (खानापूर)

उत्तर: ताई, परदेशात पोराच्या वयावर इन्शुरन्स ठरतो, तेच व्हिडिओ बघून हा समज पसरलाय. आपल्याकडं ढोबळमानाने हप्ता गाडीवर ठरतो, ड्रायव्हरच्या वयावर नाही. थर्ड पार्टीचा दर तर सरकार ठरवतं, 2022 मध्ये ठरलेला दर असा की 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 ला 3,416. नवी गाडी असेल तर थर्ड पार्टी तीन वर्षांचं एकदम घ्यावं लागतं, सप्टेंबर 2018 पासून तसा नियम आहे. बाकीचा हप्ता गाडीची किंमत, वय नि इंजिन यावर, आणि बेळगाव जिल्हा काही बेंगळूर-पुण्याच्या झोनमध्ये येत नाही, त्यामुळे थोडा कमीच पडतो. पहिली दोन वर्षं झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या झिजेचे पैसे न कापणारा जादा विमा) जरूर घ्या, बंपर फुटणार आहे ते गृहीत धरा.

नावाचं म्हणाल तर ज्याच्याकडं लायसन आहे नि जो रोज चालवणार त्याच्याच नावावर घ्या. दोन कारणं आहेत. मालक-चालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा पॉलिसीसोबत असतो, पण तो मालकाकडं स्वतःचं लायसन असेल तरच. तुमच्या नावावर गाडी, तुम्ही चालवत नाही, मग तो विमा पोराला लागू होत नाही. दुसरं, क्लेम न घेतल्याची सूट म्हणजे एनसीबी गाडीला नसते, मालकाला असते, वर्षाला 20 टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांत 50 पर्यंत जाते, पोराच्या नावावर आत्तापासून जमायला लागली तर पुढच्या गाडीला त्याला उपयोगी पडते. छोट्या ओरखड्यांना क्लेम करू नका ते यासाठीच, हजार-दीड हजारांचं काम बाहेर करून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर आधीच्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही, डीलर मिळते म्हणून सांगतात, ते खोटं.

आता धाकटा. नाही चालणार, गावात पण नाही, आणि ट्रॅक्टर सुद्धा रस्त्यावर आला की तोच नियम. 2019 ला कायदा बदलला, कलम 199अ, अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला तर आईबाप नि गाडीचा मालक दोषी धरतात, तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी मोठ्याच्या नावावर असेल तर मालक म्हणून तोच अडकतो, लायसन मिळून महिना नाही झाला तोवर. कुणाला धडक बसली तर इन्शुरन्स कंपनी समोरच्याला पैसे देईल आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करेल, खानापूर तालुक्यात अशा वसुलीत शेताचा तुकडा विकायची पाळी कुणावर येऊ नये.

18 पूर्ण झाले की धाकट्याचं लर्निंग काढा, 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, सहा महिने लर्निंग चालतं, तेवढ्यात होतं सगळं. तोवर त्याला गाडी धुवायला, हवा-पाणी-ऑइल बघायला, स्टेपनी बदलायला लावा, हे काम मोठ्याला बहुतेक येत नसणार.